वांगाच्या डागांसाठी झिंकचं सनस्क्रीन: सात महिन्यांनंतर

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "सनस्क्रीन लावणार नसाल तर याचा उपयोग नाही." साध्या सनस्क्रीनने माझे डोळे चुरचुरतात, म्हणून झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) ५० घेतलं. सोलापूरचं ऊन, रोज स्कूटरवरून शाळा. मार्चपासून वापरतेय.

पहिले दोन महिने वाया गेले. ते पांढरंफटक बसायचं, सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं. वर्गातल्या मुली विचारायच्या, "बाई, बरं नाही का?" मग मी वाटाण्याएवढंच घ्यायला लागले. दोन महिन्यांनी ५० ग्रॅमची ट्यूब अर्धीसुद्धा संपली नव्हती. ती बघूनच डॉक्टरांनी ओळखलं, की मी फारच कमी लावते. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून करतात. थर पातळ असेल तर ट्यूबवरचा आकडा आपल्या कामाचा नाही. चेहऱ्याला आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, एवढं लागतं. या हिशोबाने, दिवसातून एकदाच लावलं तरी ट्यूब दीड महिन्यात संपते. महाग पडतं, खरंय.

त्यांनीच टिंट, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं घ्यायला सांगितलं, आणि तिथून फरक पडला. टिंटमध्ये आयर्न ऑक्साइड असतं. वांगाचे डाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. रंगही माझ्या कातडीत मिसळतो, त्यामुळे हात आखडत नाही.

एकदम सगळं चोपडलं तर गोळे होतात. आधी मॉइश्चरायझर मुरू द्यायचं, मग अर्धं-अर्धं करून दोनदा, न घासता थापत लावायचं. घाम पुसला की थर निघून येतो, म्हणून रुमाल फक्त टेकवायचा. उन्हात असेन तेव्हा दर दोन तासांनी परत लावते. खेळाच्या तासाला तर नक्कीच. स्कार्फ आहेच.

मे महिन्यात ट्यूब डिकीत राहिली आणि तेल-पाणी वेगळं झालं. ती टाकून दिली. पावडर आणि स्प्रेच्या वाटेला गेले नाही, झिंकचे कण श्वासात जायला नकोत, त्यात घरात बाळ.

संध्याकाळी नुसत्या फेसवॉशने हे निघत नाही. हनुवटीवर पुळ्या आल्या तेव्हा कळलं. आता आधी मायसेलर वॉटरने (मेकअप काढायच्या पाण्याने) पुसते, मग फेसवॉश.

डावा गाल बराच उजळलाय. उजव्यावर डाग अजून आहे, पण कडा पुसट झाल्यात. मलम चालूच आहे, त्यामुळे सगळं श्रेय सनस्क्रीनला देणार नाही. पण उन्हाळ्यात डाग वाढले नाहीत, असं हे पहिलंच वर्ष.