स्मार्ट एसी कंट्रोलर आणि तापमान सेन्सर : तीन ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

सेटअप आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कुठल्या घराचे ते कळेल. कोथरूडमधला वरच्या मजल्यावरचा टू बीएचके, पश्चिमेला बाल्कनी, बेडरूममध्ये इन्व्हर्टर स्प्लिट एसी. एसी चालवायला वाय-फाय आयआर कंट्रोलर (रिमोटसारखे इन्फ्रारेड सिग्नल देणारा), दोन खोल्यांत बॅटरीवरचे झिग्बी (कमी विजेवर चालणारं वायरलेस तंत्र) सेन्सर, हॉलमध्ये ईएसपी32 या वाय-फाय बोर्डला जोडलेला बीएमई280 (तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारी चिप), आणि सगळ्यांची नोंद ठेवायला होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर. हिवाळा, एप्रिल-मे आणि पावसाळा या तिन्हींत वापरून झाल्यावर मत पक्कं झालंय : सेन्सरची चिप क्वचितच खोटं बोलते. ती ज्या जागी बसली आहे तिथलं तापमान ती बरोबर सांगते, पण ती जागा खोलीचं तापमान दाखवणारी नसते. त्यामुळे ॲपमध्ये जाऊन दोन अंश वजा करणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे, पहिलं नाही.

किती फरक म्हणजे बिघाड, हे आधी ठरवून घ्यावं. सेन्सरच्या चिपांपैकी एसएचटी40 ची ठरावीक अचूकता ±0.2 अंश, डीएचटी22 ची ±0.5, बीएमई280 ची 0 ते 65 अंशांच्या पट्ट्यात ±1, आणि स्वस्तातल्या डीएचटी11 ची ±2. म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चांगल्या सेन्सरमध्ये अर्ध्या अंशाचा फरक दिसला तर तक्रार करण्यासारखं काही नाही. डीएचटी11 वर मात्र एसी चालवू नका. दोन अंशांची चूक म्हणजे थंडी वाजणं आणि घाम येणं यांतला फरक.

मोबाईलवरच्या हवामानाशी तुलना करून सेन्सरला दोष देऊ नये. पुण्यातच शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव इथले आकडे एकाच वेळी वेगळे असतात, आणि वेधशाळेचा तापमापक मोकळ्या जागेवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. आपल्या गॅलरीतली फरशी आणि भिंत तापलेली असते. तुलनेसाठी घरातच एक भरवशाचा संदर्भ तयार करावा लागतो, आणि ते अवघड नाही.

स्टीलच्या नळीतला वॉटरप्रूफ डीएस18बी20 प्रोब (टोकाला तापमानाची चिप असलेली वायर) घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतो. त्याच्या डेटा वायर आणि 3.3 व्होल्टच्या मध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लावा. आरओच्या पाण्याचा बर्फ करून बारीक फोडा, थर्मासच्या भांड्यात काठोकाठ भरा आणि फटी भरतील इतकंच गार पाणी घाला. बर्फ तरंगून खाली नुसतं पाणी साचलं तर ते काढून आणखी बर्फ घाला, कारण तळाचं पाणी 4 अंशांपर्यंत असू शकतं. प्रोब मधोमध, तळाला न टेकता, पंधरा मिनिटं ठेवा आणि अधूनमधून ढवळा. आकडा 0 च्या आसपास स्थिरावला पाहिजे. या चिपचे नकली नग बाजारात भरपूर आहेत आणि त्यांतले काही एक-दीड अंश सरकलेले असतात. ते इथेच पकडले जातात.

तपासणीचा दुसरा बिंदू उकळत्या पाण्याचा घेऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. 100 धरून कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या तापमानाशी आकडा जुळवणं) केलं तर चूक आपणच आत घालतो. शिवाय खोलीचं तापमान 10 ते 40 मध्ये फिरतं, तिथे 98 चा उपयोग नाही. त्याऐवजी थर्मासमध्ये 37 अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घेऊन त्यात घरातला डिजिटल ताप मोजायचा थर्मामीटर आणि प्रोब एकत्र बुडवा. तो थर्मामीटर त्या पट्ट्यात साधारण 0.1 अंशापर्यंत अचूक असतो. 0 आणि 37 हे दोन बिंदू मिळाले की प्रोब आपला प्रमाण झाला. बाकी सेन्सर पाण्यात घालायचे नाहीत, पिशवीत बांधूनही नाही, कारण आत दव धरतं. ते या प्रोबच्या शेजारी, हवा हलणाऱ्या जागी, तासभर ठेवायचे आणि फरक लिहून घ्यायचा. प्रोबची नळी हवेत हळू तापते, त्यामुळे घाईने घेतलेली नोंद कामाची नाही.

याच प्रोबबद्दल दोन आकडे लक्षात ठेवा. मधूनच 85 दिसलं तर ते तापमान नाही. चिप चालू होताना तिच्यात तोच आकडा असतो, आणि मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलं किंवा वीज क्षणभर ढासळली की तो बाहेर येतो. 12 बिटवर, म्हणजे सगळ्यात बारीक मोजणीच्या सेटिंगवर, एका मोजणीला 750 मिलिसेकंद लागतात, तेवढं थांबायला हवं. उणे 127 दिसलं तर वायर सुटली आहे किंवा रेझिस्टर बसलेला नाही. हे दोन आकडे एसीच्या ऑटोमेशनपर्यंत पोचू देऊ नका, 5 पेक्षा कमी आणि 50 पेक्षा जास्त काहीही आलं तर गाळून टाका.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट, म्हणजे सेन्सरचं स्वतःचंच गरम होणं. ईएसपी32 चं वाय-फाय, व्होल्टेज रेग्युलेटर, अगदी पॉवरचा एलईडीसुद्धा बोर्ड तापवतो, आणि त्याच बोर्डवर किंवा त्याच डबीत बीएमई280 असला की आकडा दोन-तीन अंश वर बसतो. यूएसबीवर चालणाऱ्या तयार कंट्रोलरमध्येही हेच होतं. ओळखायची खूण सोपी आहे : पंखा लावा. पंखा हवेचं तापमान कमी करत नाही, फक्त ती हलवतो. पंखा लावल्यावर दहा मिनिटांत या सेन्सरचा आकडा अंशभर उतरला आणि शेजारचा प्रोब जागचा हलला नाही, तर सेन्सर स्वतःच्याच उष्णतेत बसला आहे.

दुसरी खूण आर्द्रतेत सापडते. सापेक्ष आर्द्रता सेन्सरच्या स्वतःच्या तापमानावर ठरते. खोलीत 28 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल आणि सेन्सर 30 अंशांवर असेल, तर तो साधारण 53 ते 54 टक्के दाखवेल. तापमान जास्त आणि आर्द्रता कमी, अशी जोडी दिसली की आर्द्रतेचा सेन्सर खराब झाला असं समजू नका. आधी तापमान सुधारा, आर्द्रता बरीचशी आपोआप जागेवर येते. यावर खरा उपाय वायरचाच आहे. चिप बोर्डपासून 10 ते 15 सेंटीमीटर वायरवर काढा आणि बोर्डच्या खाली लोंबवा, कारण गरम हवा वर जाते. डबीला खाली आणि वर दोन्हीकडे भोकं हवीत, नुसत्या वरच्या भोकांनी हवा खेळत नाही. बीएमई280 सतत मोजत ठेवू नका, मिनिटाला एकदा पुरे. एवढं केल्यावर जो फरक उरतो तो छोटा आणि स्थिर असतो, आणि तेवढाच ऑफसेटने, म्हणजे ॲपमध्ये ठरावीक अंश वजा करून, काढावा.

जागेची चूक ऑफसेटने निघत नाही, कारण ती दिवसभर बदलते. पश्चिमेच्या भिंतीवर लावलेला सेन्सर सकाळी बरोबर असतो आणि संध्याकाळी चुकतो. भिंत दुपारभर ऊन पिते आणि उष्णता आत पोचायला काही तास घेते. मे महिन्यात रात्री नऊ वाजताही ती हाताला गरम लागते. वरच्या मजल्यावर स्लॅबचंही तसंच आहे. सेन्सर आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, एसीच्या झोताबाहेर हवा. फ्रिजच्या बाजूला, राउटर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या वर नको. देवघराच्या कोनाड्याजवळही नको. संध्याकाळी दिवा लागला की आलेखात रोज ठरल्या वेळी उंचवटा येतो, आणि त्याचं कारण शोधण्यात विनाकारण वेळ जातो.

भिंतीत बॉक्स घेऊन बसवलेल्या वायर्ड थर्मोस्टॅटला एक वेगळाच आजार असतो. आपल्याकडे वायरींचा कन्सील्ड पाइप स्लॅबमधून खाली बॉक्समध्ये उतरतो आणि त्यातून तापलेली हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते. तपासायला एमसीबी बंद करा, प्लेट काढा आणि पाइपच्या तोंडाशी प्रोब धरा. खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त आले तर पाइपचं तोंड वायरींभोवती सिलिकॉन सीलंटने बंद करा आणि प्लेटच्या मागे फोमचा पातळ तुकडा द्या. खर्च किरकोळ, परिणाम मोठा. वायरिंगला हात लावायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

एसीचा स्वतःचा आकडा आणि खोलीतला सेन्सर यांत फरक राहणारच, आणि तो बिघाड नाही. एसीचा थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) इनडोअर युनिटमध्ये, छताजवळच्या परत येणाऱ्या हवेत असतो. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे रूम एसी 24 अंश या डिफॉल्टवर येतात, पण तो 24 त्या युनिटपाशी मोजलेला असतो, गादीपाशी नाही. रिमोटवर ‘आय फील’सारखी सोय असेल तर मोजणी रिमोटमधून होते; मग रिमोट उशीखाली किंवा ड्रॉवरमध्ये गेला की सगळं बिघडतं. एसी सुरू झाल्यावर फार लवकर कटऑफ होत असेल तर फिल्टर उघडून पाहा. खोलीच्या हवेचा थर्मिस्टर क्लिपमधून निसटून गार कॉइलला टेकलेला असू शकतो. मीटरने तपासताना त्याचं टोक बोटांत धरू नका. 10 किलोओहमचा, 3950 बीटाचा (तापमानानुसार रोध किती बदलतो त्याचा आकडा) थर्मिस्टर 25 अंशांना 10 आणि 30 अंशांना सुमारे 8 किलोओहम दाखवतो; 5 किंवा 15 किलोओहमचेही येतात, म्हणून मॉडेलचा तक्ता बघूनच निर्णय घ्या.

आकडा चुकीचा नसून शिळा असणं ही तक्रारही वारंवार येते. गुरुवारी महावितरणची देखभाल असली आणि लाईट गेली की झिग्बी सेन्सरचे निरोप पुढे पाठवणारे, म्हणजे राउटरचं काम करणारे, स्मार्ट प्लग बंद पडतात. बॅटरीवरचा सेन्सर जिवंत असतो, पण त्याचा निरोप पुढे न्यायला कोणी नसतं. लाईट आल्यावरही काही सेन्सर नवा मार्ग लगेच शोधत नाहीत, आणि डॅशबोर्डवर सकाळचं तापमान दुपारपर्यंत तसंच राहतं. आलेख अगदी सरळ रेषेत गेला की ‘शेवटचं दर्शन’ ही वेळ बघा. अर्ध्या तासात नवी नोंद आली नाही तर एसी स्वतःच्या आतल्या सेन्सरवर जाईल, असा नियम लावून ठेवा. कोऑर्डिनेटरला (झिग्बीच्या मुख्य केंद्राला) आणि वाय-फायच्या राउटरला छोटा यूपीएस दिला तर त्रास कमी होतो, पण प्लग बंद पडणारच.

झिग्बी सेन्सर किती बदल झाल्यावर निरोप देतो तेही तपासा. अर्ध्या अंशाच्या पायरीवर एसी नेहमी उशिरा जागा होतो. झिग्बी2एमक्यूटीटीमध्ये (झिग्बी सेन्सर होम असिस्टंटला जोडणारं सॉफ्टवेअर) ही पायरी अंशाच्या शंभराव्या भागात असते, ती 20 ठेवली तर 0.2 अंश होते. बॅटरी थोडी लवकर संपते, ते परवडतं. ऑटोमेशनमध्ये चालू आणि बंद यांत एक अंशाचं अंतर आणि कॉम्प्रेसर बंद झाल्यावर किमान 3 मिनिटांचा थांबा द्या.

पावसाळ्यात आर्द्रता दिवसच्या दिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली की आर्द्रतेचे सेन्सर थोडे वर सरकतात आणि कोरडी हवा मिळाल्यावर हळूहळू परततात. त्या काळात त्यांचं कॅलिब्रेशन करू नका. दिवाळीआधी घराला रंग देणार असाल तर सगळे सेन्सर काढून हवाबंद डब्यात ठेवा, थिनरची वाफ आर्द्रतेच्या थराला कायमची बाधू शकते. धूळ मऊ ब्रशने काढा, स्पिरिटने नाही.

ऑफसेटची पद्धत अशी : सेन्सर त्याच्या कायमच्या जागी, पंखा बंद, एसी बंद, शेजारी प्रोब. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा फरक लिहा. दोन्ही वेळी फरक सारखाच आला तर तेवढा ऑफसेट द्या. वेगवेगळा आला तर जागा बदला. ईएसपीहोममध्ये (ईएसपी32 बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दोन बिंदूंचं रेषीय कॅलिब्रेशनही करता येतं, पण ते दोन बिंदू किमान 10 अंश लांब हवेत, नाहीतर चूक वाढते.

पुन्हा घ्यायचं झालं तर प्रत्येक खोलीला एसएचटी40 किंवा त्या जातीचा बॅटरीवरचा सेन्सर घेईन. आयआर कंट्रोलर फक्त सिग्नल द्यायला ठेवीन, त्याचा आतला सेन्सर बंद. बीएमई280 हवेच्या दाबासाठी उत्तम आहे, तो बाल्कनीत सावलीला जाईल. डीएस18बी20 चा तपासलेला प्रोब मात्र ड्रॉवरमध्ये कायम हवा. एप्रिलच्या सुरुवातीला आणि पाऊस ओसरल्यावर एकेकदा सगळे सेन्सर त्याच्या शेजारी लावून बघतो.