महाटेंडर्स की जेम? रुग्णालयाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांसाठी दोन्ही पोर्टलांचं परीक्षण

महाराष्ट्रात सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाला सॉफ्टवेअर द्यायचं म्हटलं की गाठ सरकारी खरेदीच्या दोन पोर्टलांशी पडते: राज्याचं ई-निविदा पोर्टल महाटेंडर्स आणि केंद्राचं जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस). एचएमआयएस (रुग्णालयाचा कारभार चालवणारी प्रणाली), लॅबचं सॉफ्टवेअर, पॅक्स (एक्स-रे, स्कॅन साठवणारी प्रणाली), टेलिमेडिसिन किंवा एक्स-रे वाचणारं एआय विकणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने हे परीक्षण आहे. खाटा, सलाईन, मॉनिटर विकणाऱ्यांना यातलं बरंच लागू होणार नाही. त्यांच्यासाठी जेम खरोखर सोयीचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. महाटेंडर्सला पाचपैकी साडेतीन, जेमला अडीच. दिसायला जेम चकचकीत आणि महाटेंडर्स जुनाट, तरीही.

महाटेंडर्स हे एनआयसीच्या (केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या) जेपनिक या ई-निविदा प्रणालीवर चालतं. केंद्राचं ई-प्रोक्युअर आणि इतर अनेक राज्यांची पोर्टलं त्याच प्रणालीवर आहेत, त्यामुळे इथे हात बसला की बाकीकडे वेगळं शिकावं लागत नाही. क्लास थ्री डीएससी, म्हणजे डिजिटल सही, लागते आणि ती ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावे कंपनीचा ठराव किंवा मुखत्यारपत्र असावं लागतं. संचालकाच्या नावाची डीएससी, सही मात्र मॅनेजरची, आणि दोघांना जोडणारा कागदच नाही: तांत्रिक लिफाफ्यात हा आक्षेप हमखास येतो. जिल्ह्याच्या गावी टेंडर भरून देणारे एजंट असतात, त्यांच्याकडे डीएससीचा यूएसबी टोकन आणि पिन ठेवून मोकळं व्हायची पद्धत आहे. तो टोकन म्हणजे कंपनीची कायदेशीर सही आहे, एवढं लक्षात ठेवून काय ते ठरवा.

भरण्याचा क्रम साधा आहे. निविदा फेव्हरिटमध्ये घ्यायची, शुल्क आणि बयाणा रक्कम भरायची, तांत्रिक लिफाफा चढवायचा, मग आर्थिक, आणि शेवटी ‘फ्रीझ बिड’. फसगत याच शेवटच्या बटणावर होते. सगळ्या फाइली चढल्या, पैसे गेले, पण फ्रीझ केलं नाही तर देकार, म्हणजे तुमची बोली, सादर झालेलाच नसतो. पोचपावती छापून हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. मुदत संपेपर्यंत देकार बदलून पुन्हा सादर करता येतो, पण एकदा ‘विथड्रॉ’ केला की त्या निविदेत परत शिरता येत नाही. दुरुस्ती करायची म्हणून विथड्रॉ दाबणारे लोक आहेत.

वेळ पाहायची ती पानाच्या वरच्या कडेला दिसणाऱ्या सर्व्हरच्या घड्याळात, आपल्या मोबाइलमध्ये नाही. बयाणा एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरणार असाल तर चलन त्या निविदेपुरतंच असतं आणि रक्कम पैशापर्यंत जुळावी लागते. बँकेकडून नोंद पोर्टलवर यायला वेळ लागतो, म्हणून हे काम दोन-तीन दिवस आधी उरका.

आता बीओक्यू, म्हणजे दर भरायचा तक्ता. आर्थिक लिफाफ्यात जाणारी ही एक्सेल फाइल म्हणजे या पोर्टलचा सगळ्यात नाजूक भाग. शीट कुलूपबंद असते, फक्त रंगीत चौकटी उघड्या असतात: वर बोलीदाराचं नाव, खाली दर. मॅक्रो चालू करूनच ती भरायची आणि डाउनलोड झालेल्या नावानेच जतन करायची. नावात ‘फायनल’ जोडलं, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह केलं, एखादी ओळ वाढवली, की पोर्टल ती घेत नाही किंवा फाइल बदलली म्हणून देकार बाद होतो.

सॉफ्टवेअरवाल्यांची खरी अडचण त्या फाइलीत ओळी किती आहेत ही असते. रस्त्याच्या कामाला शंभर ओळी असतात. रुग्णालयाच्या एचएमआयएसला बहुतेकदा एकच: पुरवठा, उभारणी आणि पाच वर्षं देखभाल, एकरकमी. त्या एका आकड्यात लायसन्स, क्लाउड, जुन्या प्रणालीतला डेटा हलवणं, लॅबच्या यंत्रांशी जोडणी, बारकोड प्रिंटर, प्रशिक्षण आणि ओपीडीच्या खिडकीवर बसवायची माणसं असं सगळं कोंबावं लागतं. यंत्रजोडणी इथे घात करते. निविदेत ‘सर्व विद्यमान उपकरणांशी जोडणी’ एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात काही ॲनालायझर फक्त एकतर्फी निकाल पाठवतात, काहींना सिरियल पोर्टशिवाय काही नाही, आणि काहींचा प्रोटोकॉल उत्पादक पैसे घेतल्याशिवाय उघड करत नाही. यंत्रांची यादी, मॉडेल क्रमांकासह, निविदापूर्व बैठकीत लेखी मागितली नाही तर नुकसान अटळ समजा.

महाटेंडर्सला गुण जास्त आहेत ते या बैठकीमुळेच. मोठ्या कामात प्री-बिड बैठक असते, प्रश्न लेखी पाठवता येतात, उत्तरं शुद्धिपत्रकातून सगळ्यांसाठी प्रसिद्ध होतात आणि ती कराराचा भाग बनतात. सॉफ्टवेअरची निविदा जिंकायची किंवा सोडून द्यायची ते इथेच ठरतं. प्रश्न ‘कृपया स्पष्ट करावे’ असे मोघम पाठवले तर उत्तर ‘निविदेप्रमाणे’ असं येतं. कलम क्रमांक, मूळ वाक्य, सुचवलेलं वाक्य आणि कारण अशा चार रकान्यांत पाठवले तर बदल होण्याची शक्यता बरीच वाढते, कारण त्या बाजूच्या लिपिकाला ते तसंच उचलून टिपणीत घालता येतं. शुद्धिपत्रक मात्र शेवटच्या दिवसापर्यंत येऊ शकतं आणि त्यात बीओक्यूच बदललेली असू शकते. जुन्या बीओक्यूवर भरलेला दर निरुपयोगी.

जेमचं तंत्र वेगळं. ९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेलं हे पोर्टल मुळात वस्तूंच्या बाजारासारखं रचलंय. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १४९ मुळे केंद्रीय कार्यालयांना तिथे मिळणाऱ्या वस्तू आणि सेवा तिथूनच घ्याव्या लागतात. म्हणजे एम्स, ईएसआयसी, रेल्वेची रुग्णालयं हवी असतील तर जेम टाळता येणार नाही. नोंदणी सोपी आहे: पॅन, जीएसटी, उद्यम (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगाची नोंदणी), आयकर विवरणपत्रं, बँक खातं. एवढ्यापुरतं कौतुक करायलाच हवं, महाटेंडर्सपेक्षा ते किती तरी सुटसुटीत आहे.

जेमचा बिड दस्तऐवज उघडला की कामाचं सगळं पहिल्या दोन पानांच्या तक्त्यात असतं आणि घाईत तोच वाचायचा राहतो. तीन वर्षांची सरासरी उलाढाल, अनुभवाची वर्षं, ‘एमएसई एक्झेम्प्शन’ (सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट) आणि ‘स्टार्टअप एक्झेम्प्शन’ यांच्यापुढे होय की नाही, तांत्रिक स्पष्टीकरणासाठी दिलेले दिवस, बिड टू आरए (बोलीनंतर रिव्हर्स ऑक्शन) चालू आहे का, ईएमडीची म्हणजे बयाण्याची रक्कम, ईपीबीजीची (कामगिरीसाठीच्या बँक हमीची) टक्केवारी आणि महिने. उद्यम प्रमाणपत्र आहे म्हणून उलाढालीची अट आपोआप माफ होते असं अनेकांना वाटतं. त्या तक्त्यात ‘नो’ असेल तर होत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ईएमडीची माफी हा वेगळा विषय, उलाढालीची माफी वेगळा. मध्यम उद्योगाला यातलं काहीच नाही. आणि केंद्राच्या या सवलती राज्याच्या किंवा महापालिकेच्या निविदेत आपसूक लागू होत नाहीत, तिथे त्या निविदेतलं वाक्यच प्रमाण.

तांत्रिक स्पष्टीकरणासाठी बहुतेक बिडमध्ये २ दिवस असतात. शुक्रवारी संध्याकाळी प्रश्न आला आणि सोमवारी पाहिला, तर दार बंद झालेलं असतं. लॉगिनला जोडलेला ईमेल रोज पाहणारं माणूस ठेवणं हा जेमवरचा खर्चच आहे, तो धरून चाला.

अडीच गुणांचं मुख्य कारण म्हणजे रिव्हर्स ऑक्शन, उलटा लिलाव. तांत्रिक पात्रतेनंतर दर उघडतात, एचवन पद्धतीत सर्वसाधारणपणे सर्वात महाग देकार बाजूला पडतो आणि उरलेले एकमेकांचे भाव पाडत बसतात. टोनरसाठी हे ठीक. पाच वर्षं चालवायच्या प्रणालीत याचा अर्थ असा की ज्याने प्रशिक्षण आणि सपोर्टचे पैसे प्रामाणिकपणे धरले तो लढाई सुरू होण्याआधीच बाहेर. त्यात ‘कस्टम बिड फॉर सर्व्हिसेस’मध्ये कामाची व्याप्ती म्हणजे एक जोडलेली पीडीएफ, ती कुठल्या तरी जुन्या निविदेवरून उचललेली असते आणि खाटांचा आकडाही तसाच राहिलेला असतो. मुदत बहुतेकदा दहा-पंधरा दिवसांची. तेवढ्यात प्रश्न विचारून उत्तर मिळणं अवघड.

गुणवत्तेला वजन देणारी क्यूसीबीएस पद्धत दोन्हीकडे शक्य आहे, पण वजन किती हे आधी बघा. समजा एका कंपनीला तांत्रिक ९० गुण, दर १ कोटी २० लाख. दुसरीला ७० गुण, दर १ कोटी. सर्वाधिक तांत्रिक गुण आणि सर्वात कमी दर यांना १०० धरून, तांत्रिक वजन ३० असेल तर पहिलीचे ८८.३ आणि दुसरीचे ९३.३ होतात, स्वस्त देकार जिंकतो. वजन ७० असेल तर ९५ विरुद्ध ८४.४, चित्र उलटं. केंद्राच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांप्रमाणे सल्लागार सेवा वगळता इतर सेवांमध्ये गुणवत्तेला ३० पेक्षा जास्त वजन देता येत नाही. त्यामुळे केंद्राच्या कामात ‘आमचं उत्पादन सरस आहे’ यावर फार विसंबू नका, आकडेमोड करून मगच दर ठरवा.

कुठलंही पोर्टल सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे प्रमाणपत्रांना लागणारा वेळ. निविदा निघाल्यावर धावपळ करून ती मिळत नाहीत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी सुसंगत असणं आता जवळपास प्रत्येक आरोग्य निविदेत असतं. नुसतं आभा (रुग्णाचा डिजिटल आरोग्य) क्रमांक तयार करून पडताळणं म्हणजे पहिला टप्पा, एमवन. नोंदी जोडणं एमटू आणि दुसरीकडच्या नोंदी रुग्णाच्या संमतीने मागवणं एमथ्री. निविदेत तिन्ही मागितले असतील आणि तुमचा एमवनच झाला असेल तर ‘प्रगतिपथावर’ लिहून चालत नाही. सँडबॉक्समधून (मिशनच्या चाचणी-व्यवस्थेतून) बाहेर पडायला सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) यादीतल्या ऑडिटरकडून सुरक्षा तपासणी लागते. तपासणीचा दाखला ज्या आवृत्तीचा त्याच आवृत्तीला चालतो. दोन वर्षांपूर्वीचा जोडला की आक्षेप ठरलेला. स्नोमेड सीटीचा (वैद्यकीय संज्ञांच्या प्रमाण कोशाचा) परवाना भारतात मोफत आहे, पुण्याच्या सी-डॅकमधल्या केंद्राकडून तो मिळतो, तरी त्यासाठी दरात रक्कम धरलेले देकार येतात.

सॉफ्टवेअर निदान करत असेल तर मामला आणखी वेगळा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर असं सॉफ्टवेअर हे वैद्यकीय उपकरण ठरतं. वर्ग अ आणि ब चा उत्पादन परवाना राज्याकडून, क आणि ड चा केंद्राच्या सीडीएससीओ या औषध नियंत्रण संस्थेकडून. ओपीडीची नोंदणी करणाऱ्या प्रणालीला हे लागू नाही, क्षयरोगाची शंका दाखवणाऱ्या एआयला लागू आहे. दोन्ही एकाच निविदेत असतील तर परवाना कोणत्या भागासाठी ते प्री-बिडमध्ये लिहून घ्या, नाहीतर छाननी समिती सगळ्या उत्पादनासाठी मागते.

कागद बाद होण्याची बाकीची कारणं किरकोळ वाटतात, पण देकार त्यांच्यावरच पडतात. उलाढालीच्या सीए दाखल्यावर यूडीआयएन (दाखला पडताळायचा क्रमांक) नाही. अनुभवाच्या दाखल्यावर आदेश क्रमांक, रक्कम, खाटा आणि प्रणाली सुरू झाल्याची तारीख यातलं एखादं नाही. खासगी रुग्णालयाचा अनुभव दाखवलाय पण सोबत टीडीएसचा पुरावा नाही. काळ्या यादीत नसल्याचं शपथपत्र १०० रुपयांच्या मुद्रांकावर, जेव्हा महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० चा झालाय. स्थानिक मूल्यवर्धनाचा दाखला टक्केवारीशिवाय; पहिल्या वर्गाचा (क्लास वन) स्थानिक पुरवठादार व्हायला ५० टक्के तरी लागतात.

पैशांबाबत जेम कागदावर पुढे आहे. स्वीकृतीचा दाखला, म्हणजे सीआरएसी, निघाल्यावर १० दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे आणि बिल कुठे अडलंय ते दिसतं. महाटेंडर्स निविदेपुरतंच आहे. कार्यारंभ आदेशानंतरचं सगळं फायलीत. पण सॉफ्टवेअरचं बिल दोन्हीकडे एकाच जागी अडतं: चाचणी झाली, प्रणाली चालू झाली, रुग्ण नोंदले जातायत आणि यूएटीवर, म्हणजे स्वीकृती चाचणीच्या कागदावर, सही करायला कोणी तयार नाही. सूक्ष्म-लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, पण स्वीकृतीच झाली नाही तर ते ४५ दिवस नेमके कधी सुरू झाले यावरच वाद घातला जातो. चाचणीचा अहवाल दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर प्रणाली स्वीकारली असं मानलं जाईल, असं एक वाक्य करारात हवं. ते मागायची जागा प्री-बिडच्या त्या चार रकान्यांत आहे, आदेश हातात आल्यावर कोणी ते घालून देत नाही.