ओहायोच्या गन-वीकसाठी बोल्ट रायफल: आखूड घ्यावी की लांब?

थंडी जवळ आली की कोलंबस-सिनसिनाटीकडच्या आपल्या मंडळींपैकी कोणीतरी विचारतंच, की हंटर एज्युकेशन झालं, लायसन्स झालं, बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हातानं दांडा मागेपुढे करावा लागतो ती रायफल) घ्यायची हेही ठरलं, आता १६ इंची बॅरलची आटोपशीर रँच टाइप घेऊ का २२ इंची नेहमीची शिकारी रायफल घेऊ? मी दोन्ही वापरल्यात, दोन्ही ३५० लेजंड या एकाच काडतुसाच्या, आणि आता थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, गन-वीक म्हणजे बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा आठवडा सुरू होतो त्या पहाटे, कुठली बाहेर काढायची याचा मला विचार करावा लागत नाही. पण माझी शिकारीची पद्धत वेगळी, तुमची वेगळी असू शकते, त्यामुळे कारणांसकट सांगतो. ब्रँडची नावं मुद्दाम टाकत नाहीये, कारण माझी जी तक्रार आहे ती बांधणीच्या प्रकाराबद्दल आहे आणि तो प्रकार एकाच कंपनीचा नाही.

काडतुसाचं आधी उरकून घेऊ. ओहायोत २०१४ च्या सीझनपासून हरणाला स्ट्रेट-वॉल रायफल चालते, म्हणजे जिच्या काडतुसाचं नळकांडं तोंडाशी एकदम अरुंद न होता सरळ असतं ती, .३५७ ते .५० कॅलिबरच्या (गोळीची जाडी, इंचात) मधलं काहीही, म्हणजे १८७३ सालचं ४५-७० पण चालतं आणि विंचेस्टरनं २०१९ मध्ये आणलेलं ३५० लेजंड पण. बोल्ट ॲक्शनमध्ये खरी निवड बहुतेकदा ३५० लेजंड आणि ४५० बुशमास्टर या दोघांतच होते. ४५० जोरदार आहे, हरीण जागेवर बसतं, पण हलक्या रायफलीत त्याचा खांद्याला बसणारा दणका असा की नेमबाजीच्या रेंजवर काडतुसांचं एक खोकं संपवायची इच्छा राहत नाही, आणि खोकंही महाग. जी रायफल रेंजवर न्यायला जीवावर येतं तिचा सराव होत नाही, आणि सराव नसेल तर हरणावर नेम धरू नये असं मला मनापासून वाटतं, जखमी जनावर रात्रभर झाडीत पडून राहणं यासारखं वाईट काही नाही. म्हणून ३५० लेजंड. १०० यार्डावर झीरो केलं, म्हणजे तिथं गोळी नेमक्या जागी लागेल अशी दुर्बीण लावून घेतली, तर २०० वर गोळी साधारण वीतभर खाली येते, हे डोक्यात ठेवलं की पुरे. आमच्याकडच्या टेकड्यांत, हॉकिंग-विंटन काउंटीच्या झाडीत, मला १०० यार्डाच्या पुढचा शॉट क्वचितच मिळतो.

एक सूचना इलिनॉयवाल्यांना, कारण शिकागोकडचे मित्र आमच्या गप्पा ऐकून तीच रायफल बघायला लागतात. तिकडे २०२३ पासून स्ट्रेट-वॉल रायफल चालायला लागली हे खरं, पण ती सिंगल शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता येणारी, असायला लागते. मॅगझिनवाली बोल्ट रायफल तिकडे हरणाला चालत नाही. मिशिगन, इंडियाना, आयोवा प्रत्येकाचे काडतुसाचे नियम वेगवेगळे आहेत, आपापल्या राज्याची त्या वर्षीची पुस्तिका बघूनच पैसे भरा.

आता आखूडवाली. खरं सांगायचं तर दुकानात हातात घेतली की हीच आवडते. हलकी, आटोपशीर, गाडीच्या मागच्या सीटवर केसमध्ये आडवी सहज मावते, लॅडर स्टँडवर (झाडाला टेकवलेलं शिडीचं मचाण) फांद्यांत अडकत नाही, ब्लाइंडच्या (लपून बसायची खोली किंवा तंबू) खिडकीतून इकडून तिकडे फिरवायला सोपी. ३५० लेजंडची दारू लवकर जळणारी असते, त्यामुळे बॅरल सहा इंच कमी झाली म्हणून वेगात फार घट होत नाही, थोडी होते, पण १०० यार्डाच्या आतल्या हरणाला त्यानं काही फरक पडत नाही, निदान मला तरी कधी दिसला नाही. बॅरलच्या तोंडाला आटे असतात, सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावायचा असेल तर आखूड बॅरलवर तो लावूनही रायफल हाताळण्याजोगी राहते. ओहायोत शिकारीला सप्रेसर चालतो. न लावता मात्र बंद ब्लाइंडमध्ये आवाज फार फुटतो, कानाला काही लावल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.

एवढं सगळं चांगलं असून मी तिच्यापासून दूर गेलो ते एकाच गोष्टीमुळे, आणि ती म्हणजे खाली लोंबणारं मॅगझिन.

या रँच टाइपमधल्या बऱ्याच रायफलींना एआर पद्धतीचं, म्हणजे एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीसारखं, मॅगझिन लागतं. कागदावर हे फायद्याचं वाटतं, मॅगझिनं कुठेही मिळतात, वेगवेगळ्या साइजची मिळतात, ज्याच्याकडे ३५० लेजंडची एआर आहे त्याला तीच मॅगझिनं इकडेही चालतात. पण ओहायोत हरणाच्या शिकारीला चेंबर (बॅरलच्या मागचं काडतुसाचं घर) आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं भरता येतात. म्हणजे पाचचं असो नाहीतर दहाचं, जाणार तीनच. मग जास्त काडतुसं मावतात म्हणून खाली एवढं मोठं लोंबणारं मॅगझिन घेऊन हिंडायचं कशाला, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि त्रास होतो तो चालताना. बोल्ट रायफल एका हातात आडवी धरून माणूस चढ चढतो तेव्हा हात आपोआप तोल असेल तिथं जातो, आणि या रायफलीत तोल बरोबर मॅगझिनच्या जागेवरच आहे. मग मॅगझिनच्या पुढं धरा नाहीतर मागं, कुठंही धरली तरी एक टोक खाली जातं. अर्धा तास चाललात की मनगट बोलायला लागतं. स्लिंगनं खांद्यावर टाका म्हणाल तर ते मॅगझिन बरोबर बरगडीच्या खाली टोचतं, आणि वर ऑरेंज व्हेस्ट असतं, त्याच्या कडेत अडकतं. मॅगझिन सोडायचं बटण बाजूला, जाड जॅकेट घासून ते दाबलं जाईल का हा घोर वेगळाच, माझ्या बाबतीत झालं नाही असं, पण मी दर थोड्या वेळानं खाली हात लावून बघायचो आणि ती सवयच त्रासदायक होती.

सगळ्यात जास्त खटकलं ते मचाणावर. नियम सगळ्यांना माहितीच आहे, वर चढायचं ते हात मोकळे ठेवून, रायफल रिकामी, बोल्ट उघडा, दोरीनं मागाहून वर ओढायची, आणि मग वर बसून मॅगझिन घालायचं. पहाटेची वेळ, अजून नीट दिसत नाही, बोटांत जाड हातमोजे, पारा शून्याखाली, आणि जंगल इतकं शांत की खार पानावरून गेली तरी ऐकू येतं. त्यात हे मॅगझिन त्याच्या खाचेत सैल जातं, बसलं का नाही हे हाताला कळत नाही, मग खालून तळव्यानं थाप मारायची, टक्क असा आवाज, मग ओढून बघायचं, तोपर्यंत दरीच्या पलीकडच्या बाजूला काही उभं असेल तर त्याला कळून चुकलेलं असतं की झाडावर कोणीतरी आहे. बसल्यावरसुद्धा ते थोडं हलतं, मांडी बदलली की बारीक खुळखुळ येते. आणि स्टँडच्या लोखंडी रेलवर रायफल टेकवायची म्हटलं तर आधी मॅगझिनच रेलला लागतं. मी मॅगझिनभोवती कापडी टेप गुंडाळून बघितली, आवाज कमी झाला, पण घालताना घट्ट जायला लागलं, म्हणजे थाप अजून जोरात. शिकारीच्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची जी दहा मिनिटं असतात, उजाडायच्या आधीची, तीच ह्यात जायची.

लांबवाली घेतली ती हे एकच बघून, की मॅगझिन दस्त्याच्या तळाशी सपाट बसतं का. २२ इंची बॅरल, साधा प्लास्टिकचा दस्ता, तीन काडतुसांचं छोटं मॅगझिन, खालून हात फिरवला तर कुठं काही लागत नाही. तोल मॅगझिनच्या किंचित पुढं आहे, त्यामुळे हात तिथं गोल बसतो आणि तासभर चाललं तरी जाणवत नाही. मॅगझिन पुढचं टोक आत, मागचं टोक अंगठ्यानं वर, एवढंच, आवाज जवळजवळ नाही, आणि बसलं की अंगठ्यालाच कळतं. हातमोजे न काढता होतं. माझ्या रायफलीला सेफ्टी लावलेली असतानाही बोल्ट उघडायची सोय आहे, संध्याकाळी उतरायच्या आधी चेंबर रिकामा करताना सेफ्टी काढावी लागत नाही, ते मला फार बरं वाटतं, अर्थात ही सोय काही आखूड रायफलींतही असते तेव्हा त्यावरून निकाल लावू नका.

लांब बॅरलचा स्वभावही मला मानवला. नेम धरल्यावर पुढचा भार असल्यानं ती जरा स्थिर राहते, विशेषतः धाप लागलेली असताना. मी काही टार्गेट पेपरवर मापं काढून ठेवलेली नाहीत, १०० यार्डावर दोन्ही रायफली हरणाला हव्या त्यापेक्षा चांगल्याच लागतात, पण उभ्यानं किंवा काठीच्या आधारानं मारताना लांबवालीच्या गोळ्या माझ्या हातून जास्त जवळजवळ पडतात.

तिच्या अडचणी आहेतच. दाट झाडीत ती फांद्यांना लागते, कॉशॉक्टनकडे मक्याच्या शेताच्या कडेच्या ओढ्यातून जाताना वैताग येतो. मॅगझिन त्याच कंपनीचं लागतं, हरवलं तर शोधत बसा आणि किंमत द्या, म्हणून एक जास्तीचं रायफलीबरोबरच घेऊन ठेवा. छोट्या पॉप-अप ब्लाइंडमध्ये दोघं बसणार असाल तर २२ इंच खरोखर जास्त होतात.

म्हणून मी असं म्हणणार नाही की आखूडवाली घेऊच नका. जो सगळा सीझन बॉक्स ब्लाइंडमध्ये बसतो, गाडीतून उतरून शंभर पावलं चालतो, त्याला माझा त्रास कधी होणारच नाही, त्यानं बिनधास्त ती घ्यावी. मुलांना पण तीच चांगली. माझा मुलगा नोव्हेंबरातल्या यूथ सीझनला तीच वापरतो, त्याच्या हाताला ती बरोबर येते, मॅगझिन मीच घालून देतो. सप्रेसर लावायचं पक्कं असेल तरी आखूड. पण सरकारी जमिनीवर चालत जाऊन शिकार करणार असाल, वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये म्हणा किंवा वुडबरी वाइल्डलाइफ एरियात, मचाण पाठीवर आणि रायफल हातात अशी तुमची पहाट असेल, तर मला वाटतं लांबवाली, सपाट मॅगझिनची, हीच घ्यावी. दुकानात सगळे ट्रिगरच दाबून बघतात, हल्लीच्या साध्या किमतीच्या रायफलींचे ट्रिगर पण चांगले असतात, त्यात वेळ घालवू नका.

त्यापेक्षा तुमचे शिकारीचे जाड हातमोजे बरोबर घेऊन जा. दुकानदाराला विचारून, बोल्ट उघडा आणि चेंबर रिकामा आहे हे दोघांनी बघून, डोळे मिटून मॅगझिन चार-पाच वेळा काढा घाला. मग एका हातात आडवी धरून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून या. बरीच दुकानं हे करू देतात, आणि जे दुकान देणार नाही तिथून रायफल घ्यायची काही गरज नाही.