व्हॉट्सॲपचे गायब होणारे मेसेज, नाटकाच्या ग्रुपवर वापरून : ५ पैकी ४

डिचोलीकडे आमचा जत्रेच्या नाटकाचा ग्रुप आहे, तालमी सुरू झाल्या की दिवसभर टिंग टिंग चालू. तालीम ८ ला की ९ ला, पेटीवाला येतो का, म्हापशाहून विग कोण आणणार, दुसऱ्या दिवशी ह्याचा कोणाला काय उपयोग? म्हणून डिसअपिअरिंग मेसेज चालू केले आणि खरं सांगतो, फीचर मस्त आहे.

२०२० च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा फक्त ७ दिवसांचा पर्याय होता, २०२१ च्या डिसेंबरात २४ तास आणि ९० दिवस पण दिले. नाटकाच्या ग्रुपला ९० च लावा. पेटीवाला पदाची चाल व्हॉइस नोटवर पाठवतो, ७ दिवस ठेवले तर ती गळ्यात बसायच्या आधीच जाणार, आणि नोकरीला पुण्याला असलेल्या एखाद्या नटाने आठवडाभर ॲप उघडलंच नाही तर न ऐकताच गेली, मेसेज वाचायचा राहिला म्हणून तो काही थांबत नाही.

सगळ्यात आवडलं ते कीप, २०२३ मध्ये आलेलं. मेसेज दाबून धरायचा, बुकमार्कची खूण दाबायची, की तो राहिला. पण शेवटचा शब्द पाठवणाऱ्याचा! कोणीतरी ठेवलाय हे त्याला कळतं आणि त्याने नको म्हटलं की वेळ संपल्यावर जातोच. अगदी योग्य केलंय, तालमीतला कच्चा आवाज ठेवायचा की नाही हे गाणाऱ्यानेच ठरवावं ना.

एक स्टार कापला तो फोटोंसाठी. ऑटो डाउनलोड चालू असेल तर चॅटमधून फोटो जातो पण गॅलरीत राहतोच, स्क्रीनशॉट काढता येतो, दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड केलेला तर तिकडे तसाच. तेव्हा "जाईलच की" म्हणून रंगपटातले फोटो टाकू नका, बायकांचे तर विचारल्याशिवाय नाहीच नाही.

संहितेचं पीडीएफ आणि वर्गणीचा हिशोब ग्रुपच्या भरवशावर ठेवायचा नाही, ईमेलवर वेगळा ठेवा. ग्रुपची सेटिंग बदलायचा हक्क फक्त ॲडमिनना द्या, नाहीतर कोणीही उठून ९० चे २४ तास करतो. आणि हे सगळं तालमी सुरू व्हायच्या आधी लावा, कारण ते फक्त नव्या मेसेजना लागू होतं, जुना ढीग हातानेच साफ करावा लागतो.