पाच लाखांत नवी अल्टो की जुनी स्विफ्ट?

नव्या अल्टो के10 ला 998 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, वॉरंटी आणि 2025 पासून सहा एअरबॅग. गल्लीबोळात झकास. पण चार माणसं, एसी आणि खंबाटकीचा घाट म्हटलं की दम लागतो. 2018 ची पेट्रोल स्विफ्ट 1197 सीसी, चार सिलिंडरवर न कुरकुरता चढते. एअरबॅग मात्र दोनच.

जुनी घेताना सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला गाळाचे डाग दिसले तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. सरळ घरी परत या, मालक कितीही गोड बोलो. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का, तेही बघा.

रोज ऑफिसपुरतीच चालवायची असेल तर अल्टो. सर्व्हिसचे कागद पूर्ण मिळाले तर मी स्विफ्टच घेईन.