पाहुणे आलेत: तेओतिवाकान की सोचिमिल्को?

मेक्सिको सिटीत राहणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. तेओतिवाकान म्हणजे प्राचीन नगरीचे अवशेष, मेक्सिको सिटीपासून साधारण 50 किलोमीटर; तिथला सूर्याचा पिरॅमिड सुमारे 65 मीटर उंच. बघून थक्क व्हाल, पण सावली औषधालाही नाही आणि ऊन 2,200 मीटरपेक्षा जास्त उंचीवरचं. कालच विमानातून उतरलेल्या माणसाला तिथे नेऊ नका, दम लागतो.

सोचिमिल्को म्हणजे शहराच्या दक्षिणेकडचे जुने कालवे; तिथे नुसतं त्राहिनेरा नावाच्या रंगीत, सपाट होडीत बसायचं. भाडं अख्ख्या होडीचं, तासावर, माणशी नव्हे. सहा-सात जण असले की परवडतं. मारियाचीवाले, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीत वाजवणारे, गाण्यामागे पैसे घेतात, आधी ठरवा. रविवारी निव्वळ जत्रा! चिनांपा, म्हणजे उथळ तळ्यात गाळ रचून केलेली शेतं, बघायची तर आडवारची सकाळ गाठा.

आईबाबा आले तर मी सोचिमिल्कोच निवडते. मित्रांना दोन्ही, पण वेगवेगळ्या दिवशी.