खालच्या अक्कलदाढेसाठी ओपीजी की सीबीसीटी?

खालची अक्कलदाढ काढण्यापूर्वी साधा ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्रित सपाट एक्स-रे) पुरेसा आहे की सीबीसीटीसाठी (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनसाठी) निपाणीहून बेळगाव गाठावे, असा प्रश्न एका परिचितांनी विचारला. ओपीजी स्वस्त असतो आणि त्यात क्ष-किरणांची मात्राही कमी असते; मात्र वक्र जबडा त्यात सपाट उलगडलेला दिसतो, मापे साधारण 20 ते 30 टक्के मोठी येतात आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस मुळांच्या गालाकडील बाजूने जाते की जिभेकडील, हे कळतच नाही. सीबीसीटी नेमके तेच दाखवतो. त्याचा खर्च व किरणमात्रा अधिक असते, शिवाय दातावरील धातूच्या टोपीजवळ (कॅपजवळ) चित्र बिघडते, जे जाहिरातीत सहसा आढळत नाही. मुळे नसेपासून स्पष्टपणे दूर असतील तर ओपीजीवर थांबावे. मुळे नसेच्या नलिकेवर आलेली दिसल्यास किंवा इम्प्लांटसाठी (हाडात बसवायच्या कृत्रिम दंतमुळासाठी) हाडाची रुंदी मोजायची असल्यास सीबीसीटी करून घ्यावा.